मदतीला धावणाऱ्याची जोखीम कोणाची? स्वयंसेवक, कायदेशीर दायित्व आणि विमा यांचा इतिहास

दिल्लीत कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा एक सरळ रस्ता आहे. पूर्वी त्याचे नाव कर्झन रोड होते. आज तो कस्तुरबा गांधी मार्ग आहे. मराठी विद्यार्थी दिल्लीला गेले की त्यांना हा रस्ता बहुधा नव्या महाराष्ट्र सदनामुळे ठाऊक होतो. २०१३ साली सुरू झालेले हे सदन याच रस्त्यावर आहे. या टिपणात मात्र आपण तो वेगळ्या कारणासाठी पाहणार आहोत. समाजसेवा करणाऱ्या माणसाच्या हातून कोणाचे नुकसान झाले, किंवा त्याचेच काही बरेवाईट झाले, तर भार कोणी उचलायचा, या प्रश्नाच्या इतिहासाचे अनेक धागे या एका रस्त्यावर सापडतात.

पहिला धागा नावातच आहे. कस्तुरबांचे निधन २२ फेब्रुवारी १९४४ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत झाले. त्यांच्या स्मरणार्थ देशभर निधी जमवला गेला आणि त्यातून कस्तुरबा गांधी राष्ट्रीय स्मारक ट्रस्ट उभा राहिला. खेड्यातल्या बायका आणि मुले हे त्याचे कार्यक्षेत्र. महाराष्ट्रात सासवडच्या आश्रमातून प्रेमा कंटक यांनी या कामाची धुरा वाहिली. ग्रामसेविका तयार करायच्या, त्यांनी गावोगावी राहून बाळंतपण, बालसंगोपन, साक्षरता यांची कामे करायची, अशी ही रचना.

आता अशा एका सेविकेची कल्पना करा. तिच्या हातून एखाद्या बाळंतिणीची हेळसांड झाली, तर त्या कुटुंबाने कोणाकडे दाद मागायची? सेविकेकडे, की ट्रस्टकडे? आणि रात्री आडरानातून जाताना सेविकेलाच साप चावला, तर तिच्या घरच्यांनी कोणाकडे पाहायचे? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिला दायित्वाचा, दुसरा संरक्षणाचा. आपल्या कायद्याच्या इतिहासात ते बराच काळ एकमेकांत मिसळले गेले, आणि माझ्या मते आजचा घोळ बराचसा त्यातूनच आला आहे.

१८६० : एकाच वर्षातले दोन कायदे

१८६० या वर्षात ब्रिटिश सरकारने दोन कायदे केले, जे आजच्या स्वयंसेवकापर्यंत येऊन पोहोचतात. एक म्हणजे सोसायटीज रजिस्ट्रेशन ॲक्ट. तुमच्या गावातले वाचनालय, मंडळ किंवा शिक्षणसंस्था बहुधा याच कायद्याखाली नोंदलेली असते. त्याच्या आठव्या कलमात एक महत्त्वाची तरतूद आहे. संस्थेच्या नावाने दावा चालला आणि निकाल विरुद्ध गेला, तर वसुली संस्थेच्या मालमत्तेतून होईल. सचिवाच्या किंवा अध्यक्षाच्या घरावर जप्ती येणार नाही. चार लोकांनी एकत्र येऊन सार्वजनिक काम करावे यासाठी हे आश्वासन फार मोलाचे होते. पण त्याची मर्यादा नीट पाहा. हे संरक्षण संस्थेच्या देण्याबद्दल आहे. स्वयंसेवकाने स्वतः निष्काळजीपणा केला, तर त्याच्यावर व्यक्तिशः दावा लावायला हे कलम आड येत नाही.

दुसरा कायदा म्हणजे भारतीय दंड संहिता. तिचा मसुदा मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्येच केला होता. तिच्या ९२ व्या कलमातील उदाहरणे प्रत्येकाने एकदा तरी वाचावीत. एकाला वाघ ओढून नेतो आहे. दुसरा त्याला वाचवण्यासाठी वाघावर गोळी झाडतो आणि ती नेमकी त्या माणसालाच लागते. किंवा घराला आग लागली आहे. खाली लोक घोंगडी धरून उभे आहेत आणि वरचा माणूस मुलाला खाली टाकतो. मूल दगावले तरी, त्याच्या भल्यासाठी सद्भावाने केलेले हे कृत्य गुन्हा ठरत नाही. कायद्याच्या कोरड्या पुस्तकात वाघ आणि घोंगडी कशी आली याचे नवल वाटते, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या गावातली आणीबाणी अशीच असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम ३० म्हणून आली आहे.

खरी गंमत 'सद्भाव' या शब्दात आहे. दंड संहितेने आणि आता न्याय संहितेने असे म्हटले आहे की, पुरेशी काळजी व लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावाने केली असे मानता येणार नाही. याउलट १८९७ चा जनरल क्लॉजेस ॲक्ट, जो इतर केंद्रीय कायद्यांचा अर्थ लावताना वापरतात, म्हणतो की गोष्ट प्रामाणिकपणे केली असली म्हणजे पुरे, मग त्यात निष्काळजीपणा असो वा नसो. म्हणजे एकाच देशात एकाच शब्दाच्या दोन व्याख्या. कोणत्या कायद्याखाली तुम्ही उभे आहात यावर तुमचा चांगला हेतू पुरेसा आहे की नाही हे ठरते. हा फरक लक्षात ठेवा. पुढे पुराच्या संदर्भात तो परत येईल.

आणखी एक गोष्ट. ९२ वे कलम फौजदारी आहे. गोळी चालवणारा तुरुंगात जाणार नाही, एवढेच ते सांगते. ज्याला गोळी लागली त्याच्या बायकामुलांचे काय, यावर ते गप्प आहे.

दोन परदेशी इमारती आणि एक जुना वाद

कस्तुरबा गांधी मार्गावर अमेरिकन सेंटर आहे आणि ब्रिटिश कौन्सिलही आहे. ब्रिटिश कौन्सिलची इमारत चार्ल्स कोरिया यांची. तिच्या दर्शनी भागावर हॉवर्ड हॉजकिन यांचे वडाच्या झाडाचे भव्य काळे-पांढरे चित्र आहे, ते मुद्दाम पाहावे. या दोन देशांनी आपल्या प्रश्नावर एकमेकांशी उलटसुलट प्रवास केला आहे.

१८४६ मध्ये एडिंबरोच्या हेरिअट हॉस्पिटल या अनाथ मुलांच्या संस्थेत एका मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तेव्हा हाउस ऑफ लॉर्ड्सने असे मत दिले की धर्मादाय निधी दात्यांनी विशिष्ट कामासाठी दिलेला असतो. तो नुकसानभरपाईत खर्च करता येणार नाही. वीस वर्षांत त्याच सभागृहाने ही भूमिका सोडली. १८६६ च्या मर्सी डॉक्सच्या खटल्यात लिव्हरपूलच्या गोदीच्या तोंडाशी साचलेल्या चिखलाच्या उंचवट्यावर जहाज आदळले होते. गोदीचे विश्वस्त म्हणाले, आम्ही नफा कमावत नाही. न्यायालय म्हणाले, नफा नसला तरी गोदी सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य आहेच.

पण जुने मत तोवर समुद्रापार पोहोचले होते. १८७६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये मांडीचे हाड मोडलेल्या एका रुग्णाने धर्मादाय रुग्णालयावर दावा केला. हाड नीट बसवले नाही अशी त्याची तक्रार होती. न्यायालयाने, माणसे निवडताना काळजी घेतली असेल तर धर्मादाय संस्थेला जबाबदार धरता येणार नाही, असे म्हणून दावा फेटाळला. इंग्लंडने टाकून दिलेले तत्त्व अमेरिकेत पुढे साठ-सत्तर वर्षे टिकून राहिले. अनेक राज्यांत धर्मादाय रुग्णालयात हात-पाय गमावलेला रुग्ण रिकाम्या हाताने घरी जात असे. दान देणारे श्रीमंत, काम करणारे सेवाभावी, आणि त्यांच्या चुकीची किंमत मोजणारा त्या खोलीतला सर्वांत गरीब माणूस.

हे तत्त्व मोडीत निघण्याची सुरुवात १९४२ मध्ये वॉशिंग्टनमध्ये झाली. जॉर्जटाउन कॉलेजच्या रुग्णालयात, एका रुग्णाने खाजगीरीत्या नेमलेली परिचारिका शिकाऊ परिचारिकेने ढकललेल्या दाराचा धक्का लागून जखमी झाली. न्यायमूर्ती रटलेज यांनी दीर्घ निकालपत्रात धर्मादाय संस्थांच्या माफीची सगळी कारणे तपासली आणि एकेक बाजूला सारली. त्या युक्तिवादात विम्याचाही विचार होता. निधी बुडेल ही भीती जुनी झाली. संस्था हप्ता भरून जोखीम वाटून घेऊ शकते, मग एकट्या जखमी व्यक्तीनेच भार का सोसायचा? या विषयाच्या इतिहासातले हे वळण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. विमा आला तेव्हा दया आणि न्याय यांपैकी एकाचीच निवड करण्याची सक्ती संपली.

पुढे अमेरिकेने १९९७ मध्ये स्वयंसेवक संरक्षण कायदा केला. त्यात स्वयंसेवकाला साध्या निष्काळजीपणाच्या दाव्यातून सूट आहे; संस्थेला नाही. घोर निष्काळजीपणा सुटत नाही, आणि वाहन चालवताना झालेली हानीही सुटत नाही, कारण तिथे विमा असणे अपेक्षितच आहे. ऑस्ट्रेलियानेही २००३ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या स्वयंसेवकांसाठी कायदा केला. ब्रिटनने २०१५ मध्ये, निष्काळजीपणाचा निवाडा करताना माणूस समाजाच्या भल्यासाठी काम करत होता का हे न्यायालयाने विचारात घ्यावे, असा कायदा केला. त्याने प्रत्यक्षात फारसे काही बदलले नाही, अशी टीका तिथल्याच कायदेपंडितांनी केली. भारतात मात्र 'स्वयंसेवक संरक्षण' या नावाचा सर्वसाधारण केंद्रीय कायदा आजही नाही. आपल्याकडे तुकडे आहेत, आणि बहुतेक तुकड्यांमागे कोणाचा तरी मृत्यू आहे.

औरंगाबाद, १९६३

तेव्हाच्या औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात जुलै १९६३ मध्ये एक स्त्री बाळंतपणासाठी दाखल झाली. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही त्याच वेळी झाली. पोटात टॉवेल राहून गेला. दुसरी शस्त्रक्रिया करून तो काढला, पण काही दिवसांत ती दगावली. तिच्या पतीने, अच्युतराव हरिभाऊ खोडवा यांनी, राज्य शासनावर दावा केला. खालच्या न्यायालयाने ३६,००० रुपयांची भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. आणि सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा कायम केली, तेव्हा १९९६ साल उजाडले होते. तेहेतीस वर्षे.

हा खटला सरकारी रुग्णालयाचा आहे, स्वयंसेवकांचा नाही. तरी तो आपल्या कामाचा आहे, कारण शासनाचा एक बचाव असा होता की रुग्णालय चालवणे हे सार्वभौम कार्य आहे, म्हणून दावा लागत नाही. न्यायालयाने तो मानला नाही. लोककल्याणाचे काम करतो म्हणून चुकीची भरपाई माफ, हा युक्तिवाद इथे चालला नाही. शाळांच्या बाबतीत २००१ मध्ये असेच झाले. एका शाळेची सहल १९९५ मध्ये बियास नदीकाठी गेली असताना चौदा मुले बुडाली. शिक्षकांच्या हयगयीसाठी शाळा-व्यवस्थापन जबाबदार आहे असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पालकाला पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. ज्याने माणसे पाठवली, त्याच्यावर त्यांच्या चुकीचा भार येतो. कायद्याच्या भाषेत याला प्रातिनिधिक दायित्व म्हणतात. पगारी नोकराबाबत हे तत्त्व स्थिर आहे. बिनपगारी स्वयंसेवकाबाबत, संस्थेचे त्याच्या कामावर किती नियंत्रण होते, हे पाहावे लागते.

ग्राहक कायद्याचा मार्गही अर्धाच उघडा आहे. १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरले की जिथे सर्वांनाच सेवा विनामूल्य मिळते, ते रुग्णालय ग्राहक कायद्याच्या बाहेर. काही रुग्ण पैसे देत असतील तर सगळेच आत. म्हणजे तुमच्या महाविद्यालयाच्या पूर्णतः मोफत आरोग्य शिबिरात कोणाचा डोळा बिघडला तर त्याला ग्राहक आयोगाकडे जाता येत नाही. दिवाणी न्यायालय उघडे आहे. तिथे किती वर्षे लागू शकतात ते आपण नुकतेच पाहिले.

ना. म. जोशी यांनी जोडलेले आणि सुटून गेलेले

आता दुसरा प्रश्न : स्वयंसेवकालाच इजा झाली तर? इथे एका मराठी माणसाची आठवण हवी. नारायण मल्हार जोशी हे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे सदस्य. त्यांनी १९११ मध्ये मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवणारे स्वयंसेवक त्यांनी उभे केले. १९२० मध्ये आयटकच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता आणि १९२१ पासून ते दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नामनियुक्त प्रतिनिधी होते. ते सदस्य असतानाच १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा झाला.

या कायद्याने मोठी झेप घेतली. कामावर असताना अपघात झाला तर मालकाची चूक सिद्ध न करताही कामगाराला भरपाई मिळू लागली. पण सगळी रचना वेतनावर बांधलेली होती आणि आजही आहे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. माझे अभियांत्रिकीचे विद्यार्थी हे सूत्र पाहिले की लगेच विचारतात, वेतन शून्य असेल तर? कायद्यात किमान रक्कम दिलेली आहे, पण ती मिळायला आधी नोकरीचे नाते लागते, आणि स्वयंसेवकाकडे नेमके तेच नसते. म्हणजे लीगच्या रात्रशाळेत शिकायला येणारा गिरणी कामगार कायद्याच्या छत्राखाली आला; त्याला फुकट शिकवणारा तरुण बाहेर राहिला.

'स्वयंसेवक' हा शब्द पुढे वेतन टाळण्यासाठीही वापरला गेला, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही. महाराष्ट्रात गावोगावी काम करणाऱ्या आशाताईंचे अधिकृत नाव 'आशा स्वयंसेविका' आहे. अंगणवाडी सेविकांना मानधन मिळते. त्या सरकारी कर्मचारी नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले. २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सांगितले. हक्क असे एकेक करून, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवून मिळत गेले.

विम्याच्या बाजूला याच काळात मोठे फेरबदल झाले. वाहनांसाठी थर्ड पार्टी विमा १ जुलै १९४६ पासून सक्तीचा झाला. तुम्ही रस्त्यावर दुसऱ्याला इजा करू शकता, तर ती भरून देण्याची सोय आधीच करून ठेवा, हे तत्त्व भारतीय रस्त्यांवर तेव्हापासून लागू आहे. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, तेही जोशींसारखेच कुलाबा जिल्ह्यातले. आयुर्विमा महामंडळाची 'जीवन प्रकाश' इमारत आज कस्तुरबा गांधी मार्गावर उभी आहे. १९७३ पासून सर्वसाधारण विमाही चार सरकारी कंपन्यांकडे गेला. मोटारीसाठी जे १९४६ मध्ये सक्तीचे झाले, ते शिबिरासाठी, मदतपथकासाठी कधीच झाले नाही.

एक बातमी आणि सत्तावीस वर्षे

हिंदुस्तान टाइम्स या वृत्तपत्राची इमारत याच रस्त्यावर आहे. १९८० च्या दशकात या वृत्तपत्रात एक बातमी आली. वेगाने आलेल्या मोटारीने एका स्कूटरस्वाराला उडवले. एका पादचाऱ्याने रक्तबंबाळ अवस्थेत त्याला उचलून जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे सांगण्यात आले की ही पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. वाटेत तो गेला. परमानंद कटारा यांनी ही बातमी जोडून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २८ ऑगस्ट १९८९ रोजी निकाल आला : जखमीचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य, कागदपत्रे नंतर.

निकाल डॉक्टरांना बांधणारा होता. उचलून नेणाऱ्या त्या पादचाऱ्याला पोलीस चौकीत बसवून ठेवणार नाहीत, रुग्णालय त्याच्याकडे पैसे मागणार नाही, याची हमी त्यात नव्हती. त्यासाठी सेव्हलाइफ फाउंडेशन या दिल्लीच्या संस्थेला २०१२ मध्ये पुन्हा सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. केंद्राने मे २०१५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने ती बंधनकारक केली. मदत करणाऱ्याला नाव सांगण्याची सक्ती नाही, जखमीला पोहोचवून तो लगेच जाऊ शकतो, रुग्णालय त्याला अडवू शकत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. शेजारधर्माच्या बायबलमधील गोष्टीवरून आलेला 'गुड समॅरिटन' हा शब्द थेट कायद्यात बसला. हे कलम धाडसी आहे. मदत करताना निष्काळजीपणा झाला आणि जखमीला आणखी इजा झाली किंवा तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होणार नाही. अट अशी की त्याने सद्भावाने, स्वेच्छेने, बक्षिसाची अपेक्षा न ठेवता मदत केलेली असावी. पुढे सरकारनेच अशा मदतीसाठी २०२१ मध्ये पाच हजार आणि २०२५ मध्ये पंचवीस हजार रुपयांचे बक्षीस जाहीर केले. बक्षिसाची अपेक्षा नसणाऱ्याला बक्षीस, ही विसंगती कोणाला फारशी खटकलेली दिसत नाही.

पण हे कवच फक्त मोटार अपघातापुरते आहे. विहिरीत पडलेल्या मुलाला काढणारा, शिबिरात प्रथमोपचार करणारा, पुरात नाव वल्हवणारा त्यात येत नाही.

पूर, टेम्पो आणि हमीपत्र

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव कृष्णेत उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. त्या महापुरात सरकारी पथके पोहोचण्याआधी गावोगावी लोकांनीच लोकांना काढले. अशा वेळी कोणता कायदा लागतो? आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५. त्याच्या कलम ७३ नुसार शासन, प्राधिकरणे, त्यांचे कर्मचारी आणि त्यांच्यासाठी किंवा त्यांच्या वतीने काम करणारी कोणतीही व्यक्ती यांच्यावर सद्भावाने केलेल्या कामाबद्दल दावा किंवा खटला चालत नाही. इथे सद्भावाची १८९७ ची उदार व्याख्या लागू होते, असा युक्तिवाद करता येतो. मात्र 'त्यांच्या वतीने' हे शब्द पाहा. तहसीलदाराच्या सांगण्यावरून नाव घेऊन गेलेला कवचाच्या आत. आपणहून गेलेल्याला ते सिद्ध करणे अवघड. केंद्राच्या 'आपदा मित्र' योजनेत प्रशिक्षित स्वयंसेवकांची नोंदणी होते आणि त्यांच्यासाठी विम्याचीही तरतूद आहे. नोंद झालेली असली की दायित्व आणि संरक्षण या दोन्ही प्रश्नांना निदान उत्तर देता येते.

तुम्ही राष्ट्रीय सेवा योजनेत असाल तर हे तुमच्यापासून लांब नाही. २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतल्या सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांपासून सुरू झालेल्या या योजनेत दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते. पूर आला की महाविद्यालयातून टेम्पो निघतो. मागे धान्याची पोती, ब्लँकेट, पाण्याच्या बाटल्या आणि त्यांच्यावर बसलेली दहा-बारा मुले. हे दृश्य तुम्ही पाहिले असेल. कदाचित त्या पोत्यांवर तुम्हीच असाल. सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अशुरन्स विरुद्ध आशा राणी या खटल्यात २००२ च्या अखेरीस स्पष्ट केले की मालवाहू गाडीतून फुकट जाणाऱ्या प्रवाशाची भरपाई देण्याची सक्ती विमा कंपनीवर नाही. कायदा मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला मात्र संरक्षण देतो. मग धान्याबरोबर जाणारा विद्यार्थी कोण? संस्थेने लेखी पत्र देऊन त्याला मालासोबत पाठवले असेल तर निदान बाजू मांडता येते. तरी एका टेम्पोत दहा 'प्रतिनिधी' कोणी मान्य करील असे वाटत नाही. मुलांसाठी वेगळी बस करणे हा खर्चाचा नव्हे, विम्याचा प्रश्न आहे. दुचाकीचेही तसेच. २००६ च्या तिलक सिंग खटल्यानुसार नुसत्या सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत मागे फुकट बसलेला येत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते.

शिबिरापूर्वी पालकांकडून घेतले जाणारे हमीपत्र हे तर आपल्या शिक्षणव्यवस्थेचे आवडते कागदी कवच. 'काही झाल्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.' अशी सही घेतल्याने काळजी घेण्याचे कर्तव्य संपत नाही. शिवाय पदवीचे बहुतेक विद्यार्थी अठरा पूर्ण झालेले असतात. करार वडिलांनी केला म्हणून सज्ञान मुलाचा स्वतःचा दावा बुडत नाही. ते हमीपत्र छापण्यात आणि गोळा करण्यात जितका वेळ जातो, तितक्यात गट अपघात विम्याचा अर्ज भरून होतो.

विमा घेतानाही दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. अपघात विमा स्वयंसेवकाच्या स्वतःच्या इजेसाठी. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांत अपघाती मृत्यूस दोन लाखांचे संरक्षण मिळते, वय १८ ते ७०. बँकेत खाते असलेल्या कोणालाही ते घेता येते. पण तुम्ही बांधलेला मंडप कोसळून गावकरी जखमी झाला तर ही योजना त्याला काही देत नाही. त्यासाठी संस्थेच्या नावाने दायित्व विमा लागतो, आणि त्यात 'कर्मचारी' या शब्दाबरोबर 'स्वयंसेवक' असे लिहिलेले आहे का, हे वाचून पाहावे लागते.

शब्दांनी काय होते ते २०२० मध्ये दिसले. मार्चअखेर केंद्राने कोविडशी लढणाऱ्या सुमारे २२ लाख आरोग्यकर्मींसाठी ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर केले. न्यू इंडिया अशुरन्सकडून ते दिले गेले. त्यात आशाताई होत्या, आणि सरकारने कामासाठी मागवून घेतलेले खाजगी कर्मचारी व स्वयंसेवकही होते. इतक्या मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकांचे नाव घेऊन हप्ता सरकारने भरल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही. नवी मुंबईतल्या एका खाजगी डॉक्टरांनी महापालिकेच्या सूचनेनुसार दवाखाना उघडा ठेवला आणि कोविडनेच त्यांचा मृत्यू झाला. दावा फेटाळला गेला. दवाखाना उघडा ठेवायला सांगणे म्हणजे सेवा मागवून घेणे नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सगळा वाद एका सरकारी नोटिशीतल्या मजकुराचा होता.

म्हणून पुढच्या शिबिराला निघताना कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे पॉलिसीची प्रत मागा आणि तिला जोडलेली नावांची यादी पाहा. गट विम्याची यादी बहुधा आठवडाभर आधी जाते. ऐन वेळी, मित्राच्या आग्रहाखातर बसमध्ये चढलेल्या मुलाचे नाव तीत नसते.